महाकाय अणूंच्या टकरी

टक्कर म्हटली कीं कांहीं तरी मोडलें, फुटलें किंवा चेपलें, असेंच आपल्या मनांत येतें. पदार्थविज्ञानांत मात्र या शब्दाचा अर्थ इतका आपत्तीचा नाहीं. दोन वस्तु एकमेकींजवळ आल्या, त्यांनीं परस्परांवर बल लाविलें आणि त्या दूर झाल्या, एवढें घडलें तरी ती टक्करच होय. गोट्या खेळतांना एक गोटी दुसरीवर नेमकी आदळते; पहिली थांबते आणि दुसरी जवळजवळ तेवढ्याच वेगानें पळते. पहिलीची गति दुसरीस मिळाली, पण दोघींची मिळून जी गतिज ऊर्जा होती ती बहुतेक तेवढीच राहिली. अशा टकरीस स्थितिस्थापक टक्कर म्हणतात. उलट ओल्या मातीचा गोळा भिंतीवर फेंकला तर तो तेथेंच चिकटून बसतो; त्याची गतिज ऊर्जा मातीचा आकार बिघडविण्यांत आणि थोडी उष्णता उत्पन्न करण्यांत खर्ची पडते. ही अस्थितिस्थापक टक्कर. ऊर्जा दोन्ही प्रसंगीं कोठें नाहींशी होत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ती गतीच्या रूपानें राहिली कीं वस्तूच्या आंत शिरली. आणि कधीं कधीं उलटहि घडतें, म्हणजे वस्तूच्या आंत सांठविलेली ऊर्जा टकरीमुळें बाहेर येते.

अणूच्या आंत ऊर्जा वाटेल त्या मापानें शिरत नाहीं. जुन्या विहिरीस जशा दगडी पायऱ्या, तशा अणूच्या ऊर्जेच्या पातळ्या ठरलेल्या असतात; दोन पायऱ्यांच्या मध्यें कोठें उभें राहतां येत नाहीं. आपल्या हवेंत शेंकडा सुमारें १ भाग आर्गन नांवाचा वायु आहे. त्याच्या अणूस तळच्या पायरीवरून पुढच्या पायरीवर चढविण्यास सुमारें ११.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. (इलेक्ट्रॉन-व्होल्ट हें अणूंच्या व्यवहारांतलें लहानसें नाणें आहे. एक इलेक्ट्रॉन १ व्होल्ट विद्युद्दाबांतून गेला म्हणजे त्यास जेवढी ऊर्जा मिळते, तेवढें त्या नाण्याचें मोल.) आणि खोलींतल्या साध्या उष्णतामानास अणूची सरासरी गतिज ऊर्जा किती असते? सुमारें ०.०४. म्हणजे मालाची किंमत खिशांतल्या पैशाच्या जवळजवळ ३०० पट! म्हणून वाशीमच्या वैशाखांतील कडक उन्हांतहि आर्गनचे अणु सेकंदांत अब्जावधि टकरा घेतात आणि प्रत्येक टकरीतून जसेच्या तसे बाहेर पडतात. त्यांच्या आंत कांहींहि बदलत नाहीं.

आंतील ऊर्जा बाहेर येणाऱ्या टकरीचें उदाहरण पुष्कळ घरांत असतें, परंतु तें उदाहरण आहे हें घरांतील मंडळींस ठाऊक नसतें. विजेचें काम करणारे लोक जो टेस्टर खिशांत बाळगतात, त्याच्या पारदर्शक मुठींत एक लहानसा दिवा असतो. त्यांत निऑन वायु भरलेला असून बहुधा त्यांत आर्गनचा अगदीं थोडा अंश मुद्दाम मिसळलेला असतो. विजेच्या ओढीनें धांवणारे इलेक्ट्रॉन निऑनच्या कांहीं अणूंना सुमारें १६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एका पायरीवर नेऊन ठेवतात. ती पायरी मोठी चमत्कारिक आहे. तेथून प्रकाश टाकून झटकन् खालीं उतरण्याची सोय अणूस नाहीं. तो तेथेंच अडकून पडतो. आतां आर्गनच्या अणूंतून एक इलेक्ट्रॉन पार उपटून काढण्यास सुमारें १५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. असा अडकलेला निऑन-अणु साध्या आर्गन-अणूस भेटला म्हणजे आपली सर्व शिदोरी त्यास देऊन खालीं उतरतो, आणि आर्गनचा इलेक्ट्रॉन मोकळा होतो. मोकळे इलेक्ट्रॉन वाढले कीं दिवा कमी विद्युद्दाबावरच पेटतो. हॉलंडांतील फिलिप्स कारखान्याच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या पेनिंग या शास्त्रज्ञानें १९२७ च्या सुमारास ही गोष्ट ओळखली, म्हणून अशा क्रियेस त्याचें नांव आहे. ज्या अणूच्या आंत नेहमींपेक्षां अधिक ऊर्जा सांठलेली आहे त्यास उत्तेजित अणु म्हणतात. टेस्टरमधला निऑन-अणु उत्तेजित खराच. पण आकारानें तो कांहीं फार मोठा नव्हे. आमचा खरा विषय आहे तो याहून किती तरी अधिक उत्तेजित झालेल्या, किंबहुना फुटण्याच्या काठावर उभ्या असलेल्या अणूंचा.

अणूच्या ऊर्जेच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. तळच्या पायऱ्या उंच, आणि जों जों वर जावें तों तों त्या एकमेकींस चिकटत जातात. स्वीडनमधील लुंड येथील योहानेस रिडबर्ग यांनीं १८९० च्या सुमारास वर्णपटांतील रेषांचें गणित मांडलें, त्यांत या पायऱ्यांचा हिशेब दडलेला होता. १९१३ सालीं डेन्मार्कच्या नील्स बोर यांनीं त्याचा अर्थ लाविला. पायऱ्यांना तळापासून १, २, ३ असे क्रमांक द्यावे. इलेक्ट्रॉन ज्या पायरीवर असेल तिच्या क्रमांकाचा वर्ग करून त्यानें साध्या हायड्रोजन-अणूची त्रिज्या गुणावी, म्हणजे उत्तेजित अणूची त्रिज्या मिळते. १० व्या पायरीवर अणु १०० पट मोठा होतो आणि १०० व्या पायरीवर १० हजार पट. इकडे अणु फुगत जातो, तिकडे इलेक्ट्रॉनास धरून ठेवणारी पकड त्याच वर्गाच्या प्रमाणांत ढिली पडत जाते. साध्या हायड्रोजन-अणूचा इलेक्ट्रॉन उपटण्यास १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ३० व्या पायरीवरून ०.०१५ पुरतात, आणि १०० व्या पायरीवरून अवघे ०.००१४. खोलींतल्या अणूची सरासरी ऊर्जा ०.०४ आहे हें वाचकांनीं येथें स्मरावें. ज्या धक्क्यास साधा अणु दादहि देत नाहीं, तो या महाकायाच्या जिवावर बेतूं शकतो. अशा अणूंना रिडबर्ग-अणु हें नांव पडलें आहे. हायड्रोजनच नव्हे, सोडियम, कार्बन, झेनॉन, कोणताहि अणु असा फुगवितां येतो. आणि पुरेसा फुगला म्हणजे सगळ्यांचे हिशेब जवळजवळ हायड्रोजनसारखेच होतात.

बोर यांच्या १९१३ च्या लेखांतच या महाकाय अणूंच्या अडचणीची एक सुंदर खूण आहे. हायड्रोजनच्या वर्णपटांतील बामर-मालिका या नांवाच्या रेषा प्रयोगशाळेंतील नळींत १२ पर्यंतच दिसल्या होत्या, आणि कांहीं ताऱ्यांच्या प्रकाशांत मात्र ३३ रेषा मोजतां आल्या होत्या. हायड्रोजन तोच, मग नळींत वरच्या रेषा कां नसाव्यात? बोर यांनीं उत्तर दिलें कीं, वरच्या पायरीवरचा अणु इतका मोठा असतो कीं त्यास पसरावयास मोकळी जागा हवी. ३३ व्या पायरीवरचा अणु साध्या अणूच्या १ हजार पटींहून मोठा असतो. नळींतील वायु पारा मोजण्याच्या कांहीं मिलिमीटर दाबाचा असला तरी त्याला ती गर्दीच. ताऱ्याच्या बाहेरच्या विरळ आवरणांत ती जागा मिळते. नव्या सिद्धांताच्या पहिल्याच मांडणींत असा किरकोळ वाटणारा तपशील सोडविला जावा, याचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

बोर यांचें उत्तर खरें, तरी तें पूर्ण नव्हे. गर्दींत महाकाय अणूचें नेमकें काय होतें? १९३४ सालीं रोम येथें एदोआर्दो अमाल्दी आणि एमिलिओ सेग्रे यांनीं सोडियम, पोटॅशियम अशा धातूंच्या वाफेंत दुसरे वायु भरपूर दाबानें भरले आणि अगदीं वरच्या पायऱ्यांच्या रेषा तपासल्या. वातावरणाच्या दाबास ३० व्या पायरीवरच्या एका अणूच्या पोटांत दुसऱ्या वायूचे सुमारें ११ हजार कण मावतात. हा हिशेब वरच्या वर्गांतील विद्यार्थी स्वतः करून पाहूं शकतील. इतक्या परक्या कणांनीं पोटांत धुमाकूळ घातल्यावर रेषा पार पुसून जावी, अशी कोणाचीहि अपेक्षा असेल. पण रेषा पुसली गेली नाहीं. ती आपल्या जागेवरून थोडी सरकली मात्र. आणि मौज अशी कीं, वायु हेलियम असेल तर ती जांभळ्या बाजूस सरके, आर्गन असेल तर तांबड्या बाजूस. शिवाय पुरेशा वरच्या पायऱ्यांवर हें सरकणें सगळ्या रेषांना सारखेंच होतें.

याचें कोडें त्याच वर्षीं त्यांचे सहकारी एन्रिको फेर्मी यांनीं उलगडलें. तें समजण्यास आम्ही वाचकांस खळ्यावर नेतों. आतां मळणीयंत्रें आल्यामुळें पुष्कळ मुलांनीं जुनें खळें पाहिलेंहि नसेल; घरांतील वडील मंडळींनीं तें त्यांस अवश्य सांगावें. मधोमध रोवलेला खांब, म्हणजे तिवडा. त्यास दावें बांधून ज्वारीच्या कणसांवर गोल फिरणारा बैल. दावें लांब असलें कीं खळें मोठें. आतां या खळ्यांतून एखादा मुलगा आडवा पळत गेला तर काय होईल? तो "खळ्याला" आपटत नाहीं. बहुतेक वेळां तो कोणालाच न लागतां पलीकडे जातो. कधीं त्याची गांठ बैलाशीं पडते, कधीं तिवड्याशीं. दोघांशीं एकदम पडणें विरळा. फेर्मी यांचें म्हणणें हेंच होतें. महाकाय अणूच्या पोटांत शिरलेला साधा अणु त्या अणूशीं समग्रपणें टक्कर घेत नाहीं. त्याची टक्कर एक तर दूर फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाशीं होते, नाहीं तर मध्यें असलेल्या धनभारित गाभ्याशीं. आणि या दोन टकरींचा विचार वेगवेगळा करतां येतो.

दृष्टांताची मर्यादा येथें सांगितली पाहिजे. इलेक्ट्रॉन बैलासारखा एका वाटेनें फिरत नाहीं. तो लहरीसारखा सगळ्या खळ्यावर पसरलेला असतो. दावें जितकें लांब, तितकी ही लहर मंद आणि लांब. हजारों हेलियम-अणूंवरून पसरलेल्या अशा मंद लहरीस हेलियम थोडीशी दूर ढकलतो. त्यामुळें इलेक्ट्रॉनाची ऊर्जा किंचित् वाढते आणि रेषा जांभळ्या बाजूस जाते. आर्गन त्याच लहरीस किंचित् ओढून घेतो, म्हणून रेषा तांबडी होते. जी गोष्ट महाकाय अणूच्या रेषेवरून मोजली, ती वास्तविक एका मंद इलेक्ट्रॉनाच्या आणि एका साध्या अणूच्या भेटीची होती. ही ओढ पुढें इतकी खरी ठरली कीं, २००९ सालीं जर्मनीतील श्टुटगार्ट येथें अतिशय थंड केलेल्या रुबिडियमच्या वायूंत एका महाकाय अणूच्या पोटांत दुसरा साधा अणु या ओढीनेंच बांधून राहिलेला आढळला. तेथें त्या दोघांचा मिळून एक रेणु बनला होता.

रेषा सरकली तरी ऊर्जेची खरी देवघेव झालीच असें नाहीं. ती केव्हां होते? प्रथम सर्वांत स्वस्त देवघेव पाहूं. एकाच क्रमांकाच्या पायरीवर इलेक्ट्रॉनाच्या कक्षेचे अनेक आकार संभवतात: कांहीं लांबट, गाभ्याच्या अगदीं जवळून जाणारे, कांहीं जवळजवळ गोल. या आकारांच्या ऊर्जांत फरक अत्यल्प असतो. म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्या अणूचा जरासा स्पर्शहि कक्षेचा आकार बदलण्यास पुरतो. अमेरिकेंतील गॅलघर, एडलस्टाइन व हिल यांनीं १९७५ सालीं लेसरच्या प्रकाशानें सोडियमचे अणु लांबट आकाराच्या वरच्या कक्षांत चढविले आणि त्यांत हेलियम, निऑन, आर्गन असे वायु सोडले. तेव्हां सोडियमचा उजेड नेहमींपेक्षां अधिक वेळ टिकला! टकरांनीं कक्षा गोलाकार केल्या होत्या, आणि गोल कक्षेंतला इलेक्ट्रॉन गाभ्याजवळ जात नसल्यामुळें लवकर खालीं उतरत नाहीं. टकरीनें आयुष्य वाढावें हें ऐकावयास विपरीत वाटतें, पण तें असें घडतें. या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. अणु जसजसा मोठा करावा तसतशी अशा टकरींची शक्यता प्रथम झपाट्यानें वाढते. परंतु पुढें वाढ थांबते आणि ती उलट कमी होऊं लागते. कारण खळें फार मोठें झालें तरी बैल एकच! पळणारा मुलगा त्याची गांठ न पडतां सहज पार होतो.

पायरीच बदलावयाची असेल तर देवघेव मोठी हवी. समोरून येणाऱ्या बैलगाडीवर रबरी चेंडू आपटला तर तो अधिक वेगानें परत येतो. पुढें निघून जाणाऱ्या गाडीवर आपटला तर त्याचा वेग कमी होतो. इलेक्ट्रॉन हा चेंडू आणि साधा अणु ही गाडी. आर्गनचा अणु इलेक्ट्रॉनाच्या सुमारें ७३ हजार पट जड आहे, तेव्हां उपमा अतिशयोक्तीची नाहीं, झाली तर अल्पोक्तीचीच आहे. खोलींतल्या उष्णतामानास आर्गन-अणूचा वेग सेकंदास सुमारें ४०० मीटर. ३० व्या पायरीवरच्या इलेक्ट्रॉनाचा वेग सेकंदास सुमारें ७३ किलोमीटर. हिशेब केला तर एका समोरासमोरच्या धक्क्यांत इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेंत सुमारें ०.०००३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक पडतो. आणि शेजारच्या पायरीचें अंतर आहे ०.००१. सरासरी वेगाच्या अणूस ती पायरी परवडत नाहीं. १०० व्या पायरीवर मात्र चित्र पालटतें. धक्का ०.०००१ चा आणि पायरीची उंची ०.००००२७ ची. एकाच भेटींत इलेक्ट्रॉन सुमारें ४ पायऱ्या वर किंवा खालीं जातो. तरीहि अणु लगेच फुटत नाहीं हें ध्यानांत ठेवावें. त्याकरितां त्याच दिशेनें असे १२-१३ धक्के एकापाठीमागून एक बसावे लागतील.

यावरून वाचक विचारतील कीं, साध्या अणूजवळ ०.०४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा असतांना त्यानें एवढीच कां द्यावी? उत्तर वरच्याच दृष्टांतांत आहे. जड गाडी हलक्या चेंडूस आपली सर्व ऊर्जा देऊंच शकत नाहीं. ऊर्जा जवळ असणें निराळें आणि ती दुसऱ्याच्या हातीं देतां येणें निराळें. साध्या अणूऐवजीं गरगर फिरणारा रेणु आला तर मात्र ही अडचण उरत नाहीं. अमेरिकेंतील राइस विद्यापीठांत १९७८ सालीं झेनॉनच्या महाकाय अणूंवर अमोनियाचे रेणु सोडले, तेव्हां रेणूंची फिरकी एक पायरी उतरली आणि तेवढीच ऊर्जा इलेक्ट्रॉनानें उचलली. झेनॉन-अणु वरच्या नेमक्या ठराविक पायऱ्यांवर जाऊन बसलेले आढळले. फिरकीच्या पायऱ्या जशा, तशाच त्यांच्या उड्या.

आतां तिवड्याकडे वळूं. साधा अणु बैलास न भेटतां तिवड्याजवळ गेला तर काय होईल? अणु निराळ्या जातीचा असला तर फारसें कांहीं नाहीं. परंतु गाभा आणि अणु एकाच जातीचे असले, उदाहरणार्थ हायड्रोजनचा महाकाय अणु आणि हायड्रोजनचाच साधा अणु, तर मोठी चमत्कारिक गोष्ट घडते. साध्या अणूचा इलेक्ट्रॉन आपलें घर कोणतें हें विसरतो! तो दोन सारख्या गाभ्यांमध्यें हेलकावे खाऊं लागतो. क्षणभर एकाकडे, क्षणभर दुसऱ्याकडे. तिवडाच जणूं गदगदां हलूं लागतो, आणि तें हलणें दाव्यावाटे दूरच्या बैलास पोंचतें. त्या हेलकाव्यांची लय बाहेरच्या इलेक्ट्रॉनाच्या दोन पायऱ्यांमधील अंतराशीं जुळली कीं ऊर्जा तेवढीच्या तेवढी त्याच्या पदरांत पडते. इलेक्ट्रॉन वर चढतो किंवा पार निसटून जातो. झोपाळ्यास योग्य वेळीं दिलेल्या हलक्या झोक्याचें बळ मुलांस ठाऊक आहेच. बेलग्रेडचे अनातोली मिहाय्लोव्ह आणि रात्को यानेव्ह यांनीं १९८१ सालीं या क्रियेचें गणित मांडलें. क्वचित् असेंहि होतें कीं, दोन अणु दूर न जातां एकमेकांस चिकटून एक भारित रेणु बनतो. त्या बंधनांतून निघालेली ऊर्जा इलेक्ट्रॉन सोडविण्यास उपयोगी पडते. अमेरिकेंतील हॉर्नबेक व मोल्नार यांनीं १९५१ सालीं हेलियमसारख्या वायूंत हें दाखविलें.

हा सर्व खटाटोप केवळ प्रयोगशाळेपुरता असता तर शाळेच्या वार्षिकांत आम्ही त्यास इतकीं पानें दिलीं नसतीं. पण आपल्या डोक्यावर रोज तळपणाऱ्या सूर्याच्या पृष्ठभागाजवळ हेंच चाललें आहे. तेथें उष्णतामान साडेपांच हजार अंश सेल्सियसच्या आसपास असलें तरी हायड्रोजनचे बहुतेक अणु साधेच असतात. हजारों अणूंमागें एखादाच इलेक्ट्रॉन मोकळा सांपडतो. उत्तेजित हायड्रोजन-अणूंची पायरी मोकळे इलेक्ट्रॉनच बदलतात, असें धरून पूर्वीं सूर्याच्या वर्णपटाचे हिशेब होत. मिहाय्लोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, साध्या अणूंची संख्याच इतकी प्रचंड आहे कीं कांहीं पायऱ्यांच्या बाबतींत त्यांच्या टकरी वगळून भागणार नाहीं. सूर्यापेक्षां थंड असलेल्या ताऱ्यांत तर मोकळे इलेक्ट्रॉन अधिकच दुर्मिळ, आणि साध्या अणूंचें वजन अधिकच.

सूर्य सोडून ताऱ्यांमधल्या विरळ अवकाशांत गेलें म्हणजे याच्या उलट टोंक दिसतें. १९५९ सालीं रशियाच्या निकोलाय कार्दाशेव्ह यांनीं असें मांडलें कीं, त्या पोकळींत महाकाय अणु जगत असले पाहिजेत, आणि शेजारच्या पायरीवर उतरतांना ते जी लहर सोडतील ती डोळ्यांस दिसणारी नसून रेडिओची असेल. १९६४ सालीं अशा रेषा सांपडल्या. पुढें १९८० सालीं खार्किव्हजवळील दुर्बिणीनें कोनोवालेन्को व सोदिन यांनीं शर्मिष्ठा तारकासमूहांतील एका प्रखर रेडिओ-उगमाच्या दिशेनें २६ मेगाहर्ट्झच्या जवळ एक शोषणरेषा पकडली. ती प्रथम नायट्रोजनची मानली गेली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील ब्लेक, क्रचर व वॉटसन यांनीं दाखविलें कीं ती सुमारें ६३१ व्या पायरीवरच्या कार्बन-अणूंची आहे. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेंतील अनंतरामय्या व राधाकृष्णन् यांनीं एरिक्सन यांच्यासह १९८५ सालीं याच दिशेच्या आणखी रेषा प्रसिद्ध केल्या. आणि २००७ सालीं स्तेपकिन, कोनोवालेन्को, कंथारिया व उदय शंकर या चौघांनीं त्याच खार्किव्हच्या दुर्बिणीनें १००९ व्या पायरीच्या आसपासचे कार्बन-अणु ओळखले. यांतील निमिषा कंथारिया या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या. नारायणगांवजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जी रेडिओ-दुर्बीण आहे, ती याच केंद्राची.

१००९ चा वर्ग करून पाहा. अणु १० लाख पटींहून मोठा होतो, आणि त्याचा व्यास भरतो मिलिमीटरचा दहावा भाग! म्हणजे माणसाच्या जाड केसाएवढा एकच अणु. एवढा अणु वाशीमच्या हवेंत कल्पिला तर त्याच्या पोटांत हवेचे सुमारें १६ लाख कोटी कण येतील, आणि तो क्षणाचाहि अंश जगणार नाहीं. तो जेथें जगतो तेथें उष्णतामान शून्याखालीं सुमारें १९० अंश सेल्सियस असून घनसेंटिमीटरांत हायड्रोजनचे अणु अवघे कांहींशें आहेत. हजारों महाकाय तपासावे तेव्हां एखाद्याच्या पोटांत एक साधा अणु सांपडावा, अशी ती विरळता. त्याचा इलेक्ट्रॉनहि इतका मंदावलेला असतो कीं, सेकंदास २ किलोमीटरांहून थोडा अधिक, जवळजवळ शेजारून जाणाऱ्या हायड्रोजन-अणूच्याच चालीनें तो चालतो. आमच्या बैलगाडीच्या हिशेबानें एकच समोरासमोरचा धक्का त्यास सोडवून नेण्यास पुरेसा आहे. पण तो धक्का बसण्यास कित्येक आठवडे जावे लागतात. सूर्यावर साध्या अणूंचा प्रभाव मोठा, येथें मात्र मुख्य त्रास मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा. कारण साध्या अणूस प्रत्यक्ष गांठ पडावी लागते, आणि भारित कण लांबूनच ओढाताण करतो.

कोण कोणास किती वेळां आणि किती जोरानें भेटतो यावर रेषेची रुंदी आणि खोली अवलंबून असतात. टकरी वाढल्या कीं वरच्या पायऱ्यांच्या रेषा पसरून फिक्या पडतात. आणि रेडिओलहरींची वारंवारता वाढवीत गेलें, म्हणजे अणु लहान होत गेले, कीं शोषणाच्या रेषा एका टप्प्यानंतर उत्सर्जनाच्या होतात. हा टप्पा कोठें येतो आणि रेषा किती पसरते हें ताडून त्या वायूचें उष्णतामान आणि त्यांतील मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या काढतात. वर दिलेला १९० अंशांचा आंकडा कोणी तेथें उष्णतामापक नेऊन वाचलेला नाहीं. तो महाकाय अणूंच्या टकरींनींच सांगितलेला आहे. खार्किव्हच्या त्या दुर्बिणीचें २०२२ सालच्या युद्धांत मोठें नुकसान झालें, हेंहि येथें नमूद करावेंसें वाटतें.

हा वायु आपल्या आकाशगंगेच्या ज्या भुजेंत आहे, तिला ययाति तारकासमूहाचें नांव आहे. शर्मिष्ठेच्या वाटेवर ययाति उभा असावा हा केवळ नांवांचा योग, तरी आमच्या पुराणप्रेमी वाचकांस तो रुचेल. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत रात्रीं ८ च्या सुमारास वाशीमहून उत्तरेकडे तोंड करून उभें राहावें. क्षितिजापासून माथ्यापर्यंतच्या अर्ध्याहून किंचित् वर शर्मिष्ठेचे पांच तारे इंग्रजी एम अक्षरासारखे मांडलेले दिसतील. त्यांतील सर्वांत डावीकडचा, म्हणजे पश्चिमेच्या टोंकाचा तारा धरावा आणि हात लांब करून तीन बोटांएवढें अंतर डावीकडे जावें. तो प्रखर रेडिओ-उगम तेथें, सुमारें ११ हजार प्रकाशवर्षें दूर आहे. डोळ्यांस त्या जागीं कांहींहि दिसत नाहीं. महाकाय कार्बन-अणु त्या काळोखांत, त्या उगमाच्या अलीकडे आहेत.